प्रवाह, प्रमाण आणि संपृक्तता : घरगुती यांत्रिक श्वसनातील 'प्राणवायूची मात्रा' या संकल्पनेचे परीक्षण

१

चिरकारी फुप्फुसविकाराने जर्जर झालेल्या रुग्णास घरीच, बहुधा रात्रीच्या वेळी, यंत्राच्या साह्याने श्वसन करविणे ही गोष्ट आता अपवादात्मक राहिलेली नाही. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क, एक लांब नळी, उशाशी ठेवता येईल एवढा व्हेंटिलेटर आणि त्याच नळीत प्राणवायू सोडणारा कॉन्सन्ट्रेटर, इतक्या सामग्रीवर हा उपचार वर्षानुवर्षे चालतो. यासंबंधीचे वैद्यकीय वाङ्मय विपुल आहे. त्याचा गोषवारा देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्या वाङ्मयात ठायी ठायी गृहीत धरलेली, परंतु क्वचितच तपासलेली अशी एक संकल्पना आहे. ती म्हणजे 'प्राणवायूची मात्रा'. तिची चिकित्सा करावी, एवढाच मर्यादित हेतू येथे आहे.

मात्रा म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्यात वस्तुतः तीन भिन्न राशी एकत्र झालेल्या असतात. पहिली राशी प्रवाहाची : दर मिनिटास इतके लिटर. दुसरी प्रमाणाची : रुग्ण जी हवा आत घेतो तीत शेकडा किती भाग प्राणवायू आहे. तिसरी संपृक्ततेची : रक्तातील हीमोग्लोबिनचा शेकडा किती अंश प्राणवायूने भारलेला आहे. डॉक्टर लिहून देतो पहिली. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर दाखवतो तिसरी. आणि या दोहोंना जोडणारी दुसरी राशी घरातील कोणासही ठाऊक नसते. दुसरीपासून तिसरीकडे जाताना आणखी एक गोष्ट आड येते. फुप्फुसांत हवेची ये-जा किती होते, हा तो प्रश्न होय. प्रवाह व संपृक्तता या दोन दृश्य आकड्यांवर दृष्टी खिळून राहिली म्हणजे मधली अदृश्य साखळी विसरली जाते, आणि ज्या कारणासाठी व्हेंटिलेटर घरी आणला तेच कारण नजरेआड होते. हे कसे घडते ते क्रमाने पाहू.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. 'प्राणवायू' हा आपल्या भाषेत इतका रुळलेला शब्द आहे की, तो पारिभाषिक संज्ञा आहे याचेही भान राहत नाही. प्राचीन शरीरविचारात 'प्राण' हा पंचवायूंपैकी एक. त्याचा वातावरणातील विशिष्ट वायूशी काही संबंध नव्हता. आधुनिक रसायनशास्त्र मराठीत आले तेव्हा हा शब्द नव्या अर्थाने रूढ झाला. युरोपातही अठराव्या शतकात या वायूला 'जीवनवायू' अशा अर्थाचे नाव काही काळ होते. पुढे लाव्हाझ्ये याने 'आम्लजनक' अशा अर्थाचे नाव दिले आणि चुकीच्या उपपत्तीवर आधारलेले असूनही तेच टिकले. त्या नावात एक लाभ होता : त्यातून गुणगान होत नव्हते. आपल्या शब्दातून ते होते. ज्याच्या नावातच प्राण आहे तो अधिक झाल्याने अपाय होईल, ही कल्पना सहजासहजी मनाला शिवत नाही.

शब्द बदलावा असे येथे मुळीच सुचवायचे नाही. रूढ शब्द बदलण्याचा खटाटोप बहुधा निष्फळ ठरतो. परंतु शब्दाबरोबर एक भावना येते हे ध्यानात घेतले पाहिजे. २०२१ च्या साथीच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातील असंख्य घरांत कॉन्सन्ट्रेटर व ऑक्सिमीटर येऊन पोहोचले आणि 'किती लिटर चालू आहे?' हा प्रश्न शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही तोंडी झाला. त्या तीव्र आजारात हा प्रश्न बहुतांशी योग्य होता. चिरकारी विकारात, विशेषतः ज्याच्या रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचून राहतो अशा रुग्णाच्या बाबतीत, तोच प्रश्न अपुरा पडतो.

३

ही अपूर्णता काही आज प्रथमच लक्षात आलेली नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडम रुग्णालयातील प्रमुख वैद्य लासेन व त्यांचे सहकारी यांच्यापुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांची रांग लागली. या रुग्णांच्या रक्तातील एकूण कार्बन डाय-ऑक्साइड वाढलेला आढळे, आणि त्याचा अर्थ रक्ताची क्षारता वाढली आहे असा केला जाई. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी हा अर्थ नाकारला. त्यांचे म्हणणे असे की, ही क्षारता नव्हेच; श्वासावाटे बाहेर पडावयाचा वायू बाहेर पडत नाही, म्हणून तो साचतो. प्राणवायू दिल्याने रुग्णाची कांती सुधारते, परंतु श्वसन सुधारत नाही. ऑगस्ट १९५२ मध्ये त्यांनी एका मुलीच्या कंठातून श्वासनलिकेत नळी बसवून हाताने फुगा दाबून हवा आत-बाहेर करविली आणि आपले म्हणणे सिद्ध केले. पुढे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन् महिने हेच काम हातांनी केले.

पोलिओ हा स्नायूंना लुळे करणारा विकार आणि येथे विचारात घेतलेला मुख्यतः फुप्फुसांचा. दोहोंत भेद आहे हे खरे. परंतु इब्सेन यांच्या प्रतिपादनातील तत्त्व दोहोंस समानच लागू आहे : प्राणवायू पुरविणे आणि श्वसन घडविणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, व पहिलीच्या यशाने दुसरीचे अपयश झाकले जाऊ शकते.

दुसरा पूर्वसूरी म्हणजे मोरन कॅम्बेल. चिरकारी फुप्फुसविकारात भरमसाट प्राणवायू दिला असता कार्बन डाय-ऑक्साइड वाढून रुग्णास गुंगी येते, आणि मुळीच दिला नाही तर प्राणवायूच्या अभावाने तो दगावतो, अशी ही कोंडी होती. १९६० मध्ये कॅम्बेल यांनी व्हेंच्युरीच्या तत्त्वावर चालणारा मास्क पुढे आणला. बारीक छिद्रातून वेगाने सुटणारा प्राणवायू आपल्याबरोबर ठरावीक पटीत बाहेरची हवा ओढून घेतो. मिश्रणाचा एकूण प्रवाह रुग्णाच्या श्वासाच्या गरजेहून अधिक असतो. त्यामुळे रुग्ण कसाही श्वास घेवो, मिश्रणातील प्रमाण २४ किंवा २८ टक्के असे ठरलेलेच राहते. या साध्या साधनाचे महत्त्व त्यामागील वैचारिक निवडीत आहे. कॅम्बेल यांनी नियंत्रण प्रवाहाचे केले नाही, प्रमाणाचे केले. आजचा घरगुती व्हेंटिलेटर यंत्र म्हणून त्या मास्कच्या कितीतरी पुढे आहे. पण प्राणवायूच्या बाबतीत तो पुन्हा प्रवाहाकडे, म्हणजे कॅम्बेल यांच्या मागे, गेला आहे.

४

घरगुती प्राणवायूचा पाया ज्या दोन संशोधनांनी घातला त्यांच्याकडे आता वळू. अमेरिकेतील 'रात्रकालीन प्राणवायू चाचणी' १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. सहा केंद्रांतील २०३ रुग्णांपैकी काहींना केवळ रात्री, सुमारे १२ तास, व काहींना शक्य तितका सतत प्राणवायू देण्यात आला. दुसऱ्या गटाचा प्रत्यक्ष वापर सरासरी १७.७ तास भरला. बारा महिन्यांच्या अखेरीस मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात २०.६ टक्के, तर दुसऱ्यात ११.९ टक्के होते. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाची चाचणी १९८१ ची. तीत ८७ रुग्ण होते. निम्म्यांना दिवसाचे किमान १५ तास प्राणवायू व उरलेल्यांना मुळीच नाही. पाच वर्षांत प्राणवायू घेणाऱ्या ४२ पैकी १९, तर न घेणाऱ्या ४५ पैकी ३० दगावले.

या दोन चाचण्यांचे ऐतिहासिक मोल वादातीत आहे. प्राणवायू हे केवळ धाप शमविण्याचे साधन नसून आयुष्य वाढविणारा उपचार आहे, हे त्यांनी प्रथमच दाखवून दिले. नंतरच्या संशोधनाने त्यांच्या सीमा रेखाटल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७३८ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, ज्यांची संपृक्तता माफकच उतरलेली आहे त्यांना दीर्घकाळ प्राणवायू देऊन लाभ आढळला नाही. २०२४ मध्ये स्वीडनमधून आलेल्या २४१ रुग्णांच्या चाचणीत १५ तासांऐवजी २४ तास प्राणवायू देऊन वर्षभरात रुग्णालयप्रवेश वा मृत्यू कमी झाला नाही. 'अधिक म्हणजे अधिक हितकर' या समजुतीला अशा रीतीने तासांच्या बाबतीतही मर्यादा पडली.

तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने या आद्य चाचण्यांतील एक तपशील लक्षणीय आहे. अमेरिकी चाचणीत झोपेच्या व श्रमाच्या वेळी प्रवाह एक लिटरने वाढविला जाई. झोपेत श्वसन मंदावते व प्राणवायू उतरतो, म्हणून एक लिटर अधिक, असा हा सरळ हिशेब. पण श्वसन मंदावल्याने एकाच वेळी दोन गोष्टी घडतात : प्राणवायू उतरतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड चढतो. एका लिटरने पहिलीची भरपाई होते. दुसरीची होत नाही, किंबहुना ती वाढू शकते. ब्रिटिश चाचणीतील रुग्ण तर कार्बन डाय-ऑक्साइड साचण्याची प्रवृत्ती असलेलेच निवडले होते. आणि त्यांतील पुरुषांत पहिल्या सुमारे ५०० दिवसांत प्राणवायूचा लाभ दिसून आला नाही. या विलंबाचे कारण अमुकच असे म्हणण्यास आधार नाही. परंतु प्रवाह हीच मात्रा मानण्याची आणि रात्री ती वाढविण्याची सवय याच काळात दृढ झाली, व पुढे व्हेंटिलेटरच्या युगात ती विनाचौकशी आली, असे म्हणावे लागते.

५

ही सवय व्हेंटिलेटरच्या संदर्भात का चालत नाही, ते अंकगणितानेच दिसते. घरगुती व्हेंटिलेटरला बहुधा एकच नळी असते. रुग्णाचा उच्छ्वास मास्कवरील किंवा नळीवरील छिद्रांतून मुद्दाम ठेवलेल्या गळतीवाटे बाहेर जातो. यंत्राचा पंखा ठरविलेला दाब राखण्यासाठी लागेल तेवढी खोलीतील हवा ढकलीत राहतो. या वेगवान झोतात कॉन्सन्ट्रेटरचा बारीक प्रवाह येऊन मिसळतो. कॉन्सन्ट्रेटरमधून निघणारा वायूही शुद्ध प्राणवायू नसतो; झिओलाइटच्या कणांनी हवेतील नायट्रोजन शोषून घेतल्यावर जे उरते त्यात प्राणवायू सुमारे ९३ टक्के व बाकी मुख्यतः आर्गॉन असतो.

समजा, कॉन्सन्ट्रेटर दर मिनिटास २ लिटरवर ठेवला आहे आणि नळीतून दर मिनिटास एकूण २५ लिटर वायू वाहतो. पूर्ण मिश्रण होते असे गृहीत धरल्यास प्राणवायूचे सरासरी प्रमाण सुमारे २६.८ टक्के येते. एकूण वाहणारा वायू ४० लिटर झाला, तर तेच २ लिटर २४.६ टक्के देतात. ६० लिटर झाला, तर २३.४ टक्के. मास्क सैल होऊन हवा गळू लागली, किंवा डॉक्टरांनी दाब वाढविला, की एकूण प्रवाह वाढतो आणि प्राणवायूचे प्रमाण आपोआप घटते. कॉन्सन्ट्रेटरवरील गोळी मात्र दोनाच्याच रेषेवर तरंगत असते.

प्रत्यक्षात मिश्रण इतके आदर्शही नसते. श्वार्ट्‌झ, कॅकमारेक आणि हेस यांनी २००४ मध्ये फुप्फुसाच्या प्रतिकृतीवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, उच्छ्वासाचे छिद्र मास्कवर आहे की नळीवर, प्राणवायू यंत्राजवळ सोडला आहे की मास्कमध्ये, दाब किती आहे आणि प्रवाह किती आहे, या सर्वांच्या परस्परक्रियेने मिळणारे प्रमाण ठरते. छिद्र नळीवर व प्राणवायू मास्कमध्ये असता ते अधिक, आणि दाब वाढला असता कमी. त्यांनी काढलेला निष्कर्ष व्यावहारिक आहे : प्रमाणाचे भाकीत करता येत नसल्याने संपृक्तता सतत मोजावी. निष्कर्ष रास्तच, पण केवळ मास्कचा प्रकार बदलला तरी 'दोन लिटर' या शब्दांचा अर्थ बदलतो, ही त्यांच्या प्रयोगांतून निघणारी गोष्ट अधिक दूरगामी आहे. दोन रुग्णालयांतील, दोन संशोधनांतील किंवा एकाच रुग्णाच्या दोन रात्रींतील 'दोन लिटर' यांची तुलना करण्यास शास्त्रीय आधार उरत नाही.

६

यावर कोणी म्हणेल की, प्रमाण अज्ञात राहिले म्हणून काय बिघडले? ऑक्सिमीटर आहेच. संपृक्तता ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राहीपर्यंत प्रवाह कमीअधिक करावा, म्हणजे झाले. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचा आधारही भक्कम आहे. टास्मानियात रुग्णवाहिकेतील रुग्णांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना हा फुप्फुसविकार असल्याचे निश्चित होते अशा २१४ रुग्णांपैकी, भरपूर प्राणवायू मिळालेल्यांत मृत्यू ९ टक्के, तर याच मर्यादेत मोजून दिलेल्यांत २ टक्के होते. मर्यादा पाळल्याने जीव वाचतात, यात शंका नाही.

परंतु मर्यादा पाळणे हे श्वसन पुरेसे असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. वायुकोशांतील प्राणवायूच्या दाबाचे जे समीकरण प्रत्येक विद्यार्थी शिकतो, त्याचे सोपे रूप येथे घेऊ. समुद्रसपाटीवर हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. त्यातून बाष्पाचे ४७ वजा जाता ७१३ उरतात. साध्या हवेतील २१ टक्क्यांच्या हिशेबाने श्वासात येणाऱ्या प्राणवायूचा दाब १५० होतो. कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब नेहमीप्रमाणे ४० असला, तर त्यापोटी ५० वजा होऊन वायुकोशांत १०० उरतात. आता श्वसन निम्म्यावर आले आणि कार्बन डाय-ऑक्साइड ८० झाला असे समजू. वजावट १०० ची होते, व वायुकोशांत केवळ ५० उरतात. संपृक्तता कोसळते, ऑक्सिमीटरचा इशारा वाजतो, घरातील मंडळी जागी होतात.

याच रुग्णास २८ टक्के प्राणवायू मिळत असेल तर? ७१३ चे २८ टक्के म्हणजे सुमारे २००, वजा १००, वायुकोशांत पुन्हा १००. रुग्ण निम्मेच श्वसन करीत आहे, कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाला आहे, आणि वायुकोशांतील प्राणवायू निरोगी माणसाइतका आहे. विकृत फुप्फुसांत रक्तापर्यंत पोहोचताना आणखी घट होते हे खरे, पण तत्त्व बदलत नाही. शेकडा सात भागांच्या वाढीने इशारा देणारी घंटाच बंद पडली.

प्राणवायूने कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो, यामागे 'श्वसनाची प्रेरणा मंदावते' एवढेच कारण पूर्वी सांगितले जाई. औबिए व त्यांचे सहकारी यांनी १९८० मध्ये दाखविले की, शुद्ध प्राणवायू दिल्यावर त्यांच्या रुग्णांचे दर मिनिटाचे एकूण श्वसन थोडेच घटले, परंतु कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब सरासरी २३ मिलिमीटरने चढला. फुप्फुसाच्या हवा न पोहोचणाऱ्या भागांकडे रक्त पुन्हा वळू लागणे आणि प्राणवायूने भारलेल्या हीमोग्लोबिनची कार्बन डाय-ऑक्साइड वाहून नेण्याची क्षमता घटणे, ही कारणेही त्यात असतात. म्हणजे रुग्ण डोळ्यांना ठीक श्वास घेताना दिसत असला तरीही धोका संभवतो.

ऑक्सिमीटरची स्वतःचीही मर्यादा आहे. १९७४ च्या सुमारास जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी शोधलेले हे तत्त्व वैद्यकाला लाभलेले मोठे वरदान होय. परंतु ते त्वचेतून जाणाऱ्या प्रकाशावर अवलंबून आहे. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना रक्ततपासणीत प्रत्यक्ष संपृक्तता ८८ टक्क्यांहून खाली आढळण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के व गौरवर्णीयांत ३.६ टक्के होते. आपल्याकडील वर्णच्छटांची विविधता लक्षात घेता या फरकाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

७

घरगुती व्हेंटिलेटरवरील प्रमुख चाचण्या या पार्श्वभूमीवर वाचल्या म्हणजे त्यांचे परस्परविरोध उलगडू लागतात. २०१४ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रियातून आलेल्या कोनलाइन प्रभृतींच्या चाचणीत १९५ रुग्ण होते. त्यांची प्रकृती स्थिर होती व कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे ५२ मिलिमीटर किंवा अधिक होता. व्हेंटिलेटरचे उद्दिष्ट स्पष्ट शब्दांत मांडले होते : कार्बन डाय-ऑक्साइड किमान २० टक्क्यांनी उतरविणे किंवा ४८ च्या आसपास आणणे. वर्षभरातील मृत्यू व्हेंटिलेटर गटात १२ टक्के, तर दुसऱ्या गटात ३३ टक्के. त्याच वर्षी नेदरलंड्समधून आलेल्या २०१ रुग्णांच्या चाचणीत मात्र काहीच लाभ दिसला नाही. तेथे तीव्र आजारातून नुकत्याच सावरलेल्या, कार्बन डाय-ऑक्साइड ४५ हून अधिक असलेल्या रुग्णांस घेतले होते. अशांपैकी अनेकांचा कार्बन डाय-ऑक्साइड काही आठवड्यांत आपोआपच खाली येतो.

२०१७ मधील मर्फी प्रभृतींच्या ब्रिटिश चाचणीने ही उणीव भरून काढली. तीव्र आजारानंतर दोन ते चार आठवडे थांबून, तरीही ज्यांचा कार्बन डाय-ऑक्साइड ५३ च्या वर राहिला अशांनाच घेतले. २,०२१ रुग्णांची छाननी करून केवळ ११६ मिळाले. एका गटास फक्त घरगुती प्राणवायू, दुसऱ्यास प्राणवायू व व्हेंटिलेटर दोन्ही. प्राणवायूचा मध्यक प्रवाह दर मिनिटास अवघा १ लिटर होता. व्हेंटिलेटरचा श्वास आत ढकलणारा दाब मात्र २४ सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे चांगलाच चढा होता. पुन्हा रुग्णालयात दाखल होईपर्यंतचा किंवा मृत्यूपर्यंतचा मध्यक काळ पहिल्या गटात १.४ महिने, तर दुसऱ्यात ४.३ महिने भरला. एकट्या मृत्यूच्या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

या चाचणीत प्राणवायू दोन्ही गटांस होता. भेद होता तो श्वसन घडविण्याचा. ज्यांना केवळ प्राणवायू मिळाला त्यांची रुग्णालयाकडे धाव लवकर सुरू झाली. अल्प प्राणवायू आणि भरीव श्वसनसाह्य, हे या यशाचे सूत्र दिसते. चाचणीची मीमांसा करताना 'व्हेंटिलेटरची भर घातली' अशी शब्दरचना केली जाते. वस्तुतः अशा रुग्णात व्हेंटिलेटर हा मुख्य उपचार व प्राणवायू ही त्यातील भर, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

मात्र याच चाचण्यांविषयी एक तक्रार उरते. प्राणवायूची नोंद त्यांतही प्रवाहाच्याच रूपाने होते. मास्कवर वा नळीवर छिद्र कोठे, प्राणवायू कोणत्या ठिकाणी सोडला, रात्रीची गळती किती, यांवर प्रमाण अवलंबून असल्याचे ठाऊक असूनही सारांशात येतो तो लिटरचा आकडा. दाबाची नोंद सेंटिमीटरपर्यंत काटेकोर आणि प्राणवायूची नोंद अशी सैल, ही विसंगती शास्त्रीय वाङ्मयास शोभणारी नाही.

८

हा वाद केवळ पारिभाषिक आहे असे कोणास वाटू नये. त्याचा परिणाम रात्री दोन वाजता होतो. संपृक्तता ८५ वर आली आहे, ऑक्सिमीटर वाजतो आहे, आणि रुग्णाची पत्नी किंवा मुलगा उठून बसला आहे. त्याच्या हाताशी एकच कळ आहे : कॉन्सन्ट्रेटरची. ती फिरविली की आकडा वर येतो आणि घर पुन्हा झोपते. पण आकडा का उतरला होता? मास्क घसरला असेल. तोंड उघडे राहून हवा गळत असेल. नळी दुमडली असेल. कफ अडकला असेल. कॉन्सन्ट्रेटरची जाळी धुळीने भरून त्याची शुद्धता घटली असेल. किंवा वीज जाऊन कॉन्सन्ट्रेटर बंद पडला व व्हेंटिलेटर मात्र बॅटरीवर साधी हवा देत राहिला असेल. यांपैकी बहुतेक कारणांवर कळ फिरविणे हा उपाय नाही, आणि श्वसन घटले असल्यास तो अपाय आहे.

म्हणून रुग्णाच्या घरी द्यावयाच्या सूचनांत क्रम महत्त्वाचा आहे. आधी मास्क व गळती, मग नळी व यंत्र, मग रुग्ण जागा होऊन नीट बोलतो की नाही हे पाहणे, आणि त्यानंतर डॉक्टरांनी आधीच आखून दिलेल्या मर्यादेत प्रवाह. सकाळची डोकेदुखी, दिवसा येणारी ग्लानी, गोंधळलेले बोलणे ही कार्बन डाय-ऑक्साइड साचल्याची चिन्हे ऑक्सिमीटर कधीच दाखविणार नाही. ती घरच्यांनीच ओळखावयाची असतात. त्याबरोबरच उलट टोकाची चूकही टाळली पाहिजे. श्वसन चांगले घडूनही ज्यांचा प्राणवायू अपुरा राहतो असे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांना तो दिलाच पाहिजे. आणि जिवावर बेतण्याइतका प्राणवायू उतरला असता कार्बन डाय-ऑक्साइडच्या भीतीने तो रोखून धरणे ही घातक चूक होय. प्राणवायूचा अभाव कार्बन डाय-ऑक्साइडपेक्षा कितीतरी जलद मारतो.

९

अखेरीस आपल्या प्रदेशापुरते दोन शब्द. वर उल्लेखिलेल्या व्हेंटिलेटरच्या चाचण्या युरोपातील आहेत, आणि तेथील रुग्ण प्रामुख्याने धूम्रपानाने आजारी पडलेले असतात. सॅल्व्ही व बार्न्स यांनी २००९ मध्ये लक्ष वेधल्याप्रमाणे, जगातील या विकाराचा मोठा भाग कधीही धूम्रपान न केलेल्यांत आढळतो. आपल्याकडे चुलीच्या धुरात आयुष्य घालविलेल्या स्त्रिया त्यांत येतात. त्यांची फुप्फुसे, त्यांची चण, त्यांच्या चेहऱ्यावर बसणारा मास्क आणि घरचा वीजपुरवठा या सर्व गोष्टी त्या चाचण्यांतील रुग्णांहून भिन्न आहेत.

भूगोलही वेगळा आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब साधारणपणे ६५० मिलिमीटर पारा असतो. वरील हिशेब तेथे केला, तर २४ टक्के प्राणवायूने श्वासातील दाब सुमारे १४५ भरतो. म्हणजे मुंबईच्या साध्या हवेहूनही किंचित कमी. प्रवाहापेक्षा प्रमाण ही राशी श्रेष्ठ असे वर प्रतिपादिले. पण तिचाही अर्थ स्थळानुसार बदलतो हे यावरून ध्यानात येईल.

तेव्हा आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे करण्याजोगे काम पुष्कळ आहे, आणि त्यास महागडी सामग्री लागत नाही. आपल्याकडे वापरात असलेले मास्क, यंत्रे व कॉन्सन्ट्रेटर यांच्या निरनिराळ्या जोडण्यांत प्रत्यक्ष मिळणारे प्राणवायूचे प्रमाण प्रतिकृतीवर मोजून त्याची तक्ते तयार करणे. घरी श्वसनसाह्य घेणाऱ्यांच्या सकाळच्या रक्तातील वायूंची रात्रीच्या ऑक्सिमीटरशी तुलना करणे. आणि आपल्या रुग्णांच्या वर्णच्छटांनुसार ऑक्सिमीटरची चूक किती ते निश्चित करणे. असे प्रबंध सिद्ध झाले म्हणजे 'दोन लिटर' या शब्दांस काही निश्चित अर्थ येईल. तोपर्यंत घरगुती व्हेंटिलेटरवरील कोणत्याही निबंधात, चाचणीत वा रुग्णपत्रिकेत प्राणवायूचा आकडा आला की वाचकाने तीन प्रश्न विचारावेत : हा प्रवाह आहे की प्रमाण? तो कोठे सोडला आहे? आणि त्या वेळी कार्बन डाय-ऑक्साइड किती होता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही नेटकी असली तरी ती अपुरीच मानली पाहिजेत.